परराष्ट्र धोरण अन् आपला नळ

पाळी सुटल्यावर ताडीवाला रोडला चहा पिताना दोस्त म्हणाला, "उमेदवाराला नळाचं विचार, रेशनचं विचार. परराष्ट्र धोरणाशी आपल्याला काय करायचंय?"

करायचंय, दोस्ता. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. हिंदू कोड बिलाचं कारण आपल्याला पाठ आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणही आहे. वर्षाच्या ३५० कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात. जगात मित्र उरले नाहीत म्हणून हा भार एकट्यानं उचलावा लागतो, असा त्यांचा हिशोब. म्हणजे रुपयातले आठ आणे आधीच गेले. उरलेल्यात शाळा, दवाखाना, नळ. आता सांग, नळाचा प्रश्न कुठं सुरू होतो?

याहून अवघड प्रश्न असा : माणूस आपला असला तरी धोरण विचारायचं का? २००८ साली अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामा अन् हिलरी क्लिंटन लढले. इराकच्या युद्धाला ओबामांनी २००२ सालीच विरोध केला होता. क्लिंटनबाईंनी सिनेटात युद्धाच्या बाजूनं मत दिलं होतं. काळा माणूस निवडून आला, आपलीही छाती फुगली. २००९ च्या डिसेंबरात त्याच माणसानं अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक धाडायचं जाहीर केलं.

कातडी आपली म्हणून युद्ध आपलं होत नाही.

तेव्हा निळा झेंडा घेऊन येणाऱ्यालाही विचारायचं : भांडण कुणाशी, खर्च कुणाच्या ताटातून, सीमेवर पोर कुणाचं? उत्तर नसेल तर जयभीम घालायचा. मत नाही द्यायचं.