झिजलेले पडदे

जुने वाद्य वस्तू म्हणून जपावे की वाद्य म्हणून वाजवावे, हा प्रश्न ज्या घरात वाद्य नाही त्या घराला फार सोपा वाटतो. परंतु ज्याच्या मांडीवर असे वाद्य प्रत्यक्ष येऊन बसले आहे आणि ज्याच्या हातून त्याचे बरेवाईट व्हावयाचे आहे, त्याची झोप तो कशी उडवितो हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिले. भाचा बेस गिटार वाजवितो. नागपुरातील एका वयोवृद्ध वादकाने, हात कापू लागल्यामुळे, आपले 1960 नंतरच्या दशकातले फेंडर कंपनीचे प्रिसिजन बेस एक पैसाही न घेता त्याच्या स्वाधीन केले. ते घेऊन तो रामटेकला माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या मनात आनंदापेक्षा पेच अधिक होता.

पेच असा. वाद्याचे पडदे, ज्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात, इतके झिजले आहेत की तार त्यांच्यावर थरथरते, स्वर जागचा ढळतो आणि कार्यक्रमात ते वाद्य घेण्याची सोय राहिलेली नाही. पडदे नवे बसविले तर ते पुन्हा बोलेल. पण मुंबईच्या एका संग्राहकाने त्याला चांगली किंमत देऊ केली आहे, ती मात्र एकही मूळ भाग बदललेला नसावा या अटीवर.

“किमतीचा मोह मला नाही, मामा,” तो म्हणाला, “पण संग्राहकाचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असेही मला म्हणवत नाही. हे पाहा.” त्याने वाद्याची मान उजेडाकडे वळविली. सर्वांत जाड तारेखाली, तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर, नखाची कड आत बसेल असे खळगे पडले होते. त्याच्यापुढच्या तारेखाली त्याहून उथळ. आणि बाराव्याच्या पलीकडचे पडदे मात्र कारखान्यातून आले तसेच अखंड, जणू तेथवर बोट कधी गेलेच नाही. “त्यांनी आयुष्यभर काय वाजविले याची ही जमाबंदी आहे. हे पडदे उपटणे म्हणजे एका माणसाचे दप्तर जाळणे. आणि न उपटणे म्हणजे वाद्याला कायमचे मुके करणे.”

मी माझ्या मिरजेच्या तंबोऱ्याकडे बोट दाखविले. तार वाजून वाजून घोडीचा पृष्ठभाग चरतो, जवारी बसते, आणि मग कारागिराकडून घोडी कानसून जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. पंढरपूरच्या परिसरातून आलेला भोपळा तोच, दांडी तीच, पण ज्या घोडीवर स्वराचे सारे तेज अवलंबून, ती दर काही काळाने खरवडली जाते, आणि म्हणून तंबोरा जुना राहिला नाही अशी फिर्याद कोणी आजवर केलेली नाही.

“जवारीची गोष्ट निराळी,” तो म्हणाला. “ती बसणार हे गृहीतच असते. पण झीज आणि मळ हाच जेथे आवाज असतो, तेथे काय करावे?” आणि मग त्याने मला जेम्स जेमरसनची हकीकत सांगितली, ती त्याच्या स्वभावाप्रमाणे विस्ताराने, उठून उभे राहून, मधेच चार तारांवर बोटे फिरवीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली ज्याचा बेस वाहतो, पण ज्याचे नाव वर्षानुवर्षे वेष्टनावर छापले जात नसे, असा हा वादक. मार्विन गे यांच्या 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर त्याला नावानिशी श्रेय मिळाले, आणि त्या अल्बमचे शीर्षकगीत भाच्याने इतके ऐकले आहे की गायक श्वास कोठे घेतो त्याहून बेस कोठे थांबतो हे त्याला अधिक पाठ आहे. हा जेमरसन आपल्या 1962 च्या प्रिसिजन बेसच्या तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. तारांवर चढलेल्या किटणातच त्याच्या आवाजाचे मर्म आहे असे तो मानी.

“आपल्याकडेही हेच,” तो पुढे म्हणाला. “राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत, गाणी साऱ्या देशाला पाठ, पण हे नाव किती जणांना ठाऊक? बेस चालू असतो तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही. थांबला की गाण्याखालची जमीन सरकते.”

हे सांगताना त्याच्या चर्येवर जे ममत्व होते ते मला फार आवडले. या मंद्र नादाची ओढ आमच्या या डोंगराला नवी नाही, असे मी त्याला म्हणालो; संस्कृतपंडित मिराशींनी ज्या रामटेकला कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी मानले, तेथूनच निघालेल्या मेघाला यक्ष विनवितो की महाकालाच्या सायंपूजेत तुझ्या गर्जनेने पटहाचे काम कर.

“पण जेमरसनच्या उदाहरणाने तुझा पक्ष सिद्ध होत नाही,” मी म्हणालो. “तारा न बदलण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि तो रोज वाजविणाऱ्याचा होता. आपल्या कानाला हवा तो आवाज त्या मळातून निघतो म्हणून त्याने मळ राखला. मळ जुना आहे म्हणून नव्हे. संग्राहक मळ राखतो तो ऐकण्यासाठी नव्हे.”

“मग जॅको पास्टोरियसला तुम्ही काय म्हणाल? त्याच्या 1962 च्या जॅझ बेसला पडदेच नव्हते. उघड्या पट्टीवर त्याने नौकांना लावतात तसला इपॉक्सीचा लेप दिला. मूळ रूपाच्या दृष्टीने ही विटंबनाच की! आणि 1976 चा त्याच्या नावाचा अल्बम ऐकताना त्या विटंबनेवाचून तो आवाज संभवलाच नसता, हेही मान्य करावे लागते.”

“झिया मोहिउद्दीन डागर यांनीही वेगळे काय केले?” मी विचारले. “पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांचे गुरुकुल उभे राहिले, त्या या बीनकारांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे करविले आणि दांडी जाड करविली, कारण धृपदाच्या आलापाला हवी ती खोली परंपरेने आलेल्या मापात त्यांना मिळेना. परंपरेचा एवढा निष्ठावंत माणूस वाद्याच्या आकाराला हात घालतो, तेव्हा निष्ठा कशावर असते हे उघड आहे.”

“नव्याने घडवून घेणे एक, आणि दुसऱ्याची अमानत बदलणे दुसरे,” तो तत्काळ म्हणाला, आणि मला गप्प बसावे लागले, कारण त्याचा भेद योग्य होता.

मग मी त्याला संयुत्तनिकायातील दृष्टांत सांगितला. वीणेचा नाद प्रथमच ऐकून मोहित झालेला एक राजा तो नादच आणून द्या म्हणून हट्ट धरतो; समोर आणलेल्या वीणेची शकले करवितो, शकलांच्या ढलप्या करवितो, त्या जाळून राख वाऱ्यावर उधळतो, आणि नाद कोठेच सापडत नाही म्हणून वीणेलाच तुच्छ ठरवितो. “सुट्या भागांत जुना आवाज शोधणारा तुझा संग्राहक मला त्या राजासारखा वाटतो.”

“अन्याय होतो आहे, मामा. राजाने वीणा जाळली. हा तर स्क्रूसुद्धा हलवू नका म्हणतो. आणि तुमच्या गडावरचेच उदाहरण घ्या.” येथे त्याने मला खरोखरच अडचणीत आणले. गडावरचे राममंदिर पूजेतले आहे. भोसल्यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि पूजा चालू आहे तोवर दुरुस्तीही चालूच राहणार. त्याच डोंगरावर वाकाटककालीन केवल नरसिंहाच्या मंदिरात भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे हात बसत गेले, आणि ते थर निघाले तेव्हा त्यांच्याखाली पाचव्या शतकातला शिलालेख उजेडात आला. “चुना देणारे भाविकच होते,” तो म्हणाला. “वहिवाटीने मंदिर जिवंत ठेवले आणि त्याच वहिवाटीने त्याची अक्षरे झाकली. मी नवे पडदे बसविले म्हणजे मीही चुनाच दिला.”

यावर बराच वेळ विचार करून मी म्हणालो, “चुन्याखाली अक्षरे राहिली, म्हणून वाचता आली. टाकीने तासली असती तर गेली असती. तुला मुभा आहे ती तेवढीच: जे काढशील ते क्रमांक घालून ठेव, त्याची मापे घे, छायाचित्रे घे, लाकडाला कानस लावू देऊ नकोस, आणि जे परत जोडता येणार नाही त्याला हात घालू नकोस. जेनोवा शहराने पागानिनीचे 1743 चे व्हायोलिन असेच सांभाळले आहे. ते काचेआड असते, परंतु प्रसंगी निवडक वादकांच्या हाती देऊन वाजविलेही जाते.”

“पाकिटात ठेवलेले पडदे म्हणजे त्या खळग्यांचा अर्थ नव्हे,” तो हळूच म्हणाला. “मानेवर असताना ते बोटाला लागतात. तिसऱ्यावर माझे बोट आपोआप त्यांच्या बोटाच्या जागी घसरते.”

“त्यांना विचारलेस?”

“नाही. विचारले तर ते होच म्हणतील. ज्याने फुकट दिले तो एवढ्याला नाही कसा म्हणेल? भिडेने मिळालेली संमती घेऊन मी काय करू?”

हा मुद्दा मला त्याच्या सगळ्या युक्तिवादात सर्वांत मोलाचा वाटला, आणि त्याचे उत्तरही मला तेथेच दिसले. “मग संमती मागूच नकोस,” मी म्हणालो. “त्यांची जबानी घे. वाद्य त्यांच्या मांडीवर ठेव आणि विचार की तिसऱ्या पडद्यावरचा हा खळगा कोणत्या गाण्यांनी पडला, पाचव्याचा कोणत्या, बाराव्याच्या पुढे बोट का गेले नाही, रात्री किती वाजेपर्यंत वाजवावे लागे, बिदागी काय मिळे, साथीला कोण असत. दप्तर म्हणतोस ना? मग ते वाचणारा एकच माणूस आज हयात आहे, आणि तू त्याला सोडून माझ्याशी वाद घालीत बसला आहेस.”

तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने कारागिराला फोन करून महिनाभर थांबावयास सांगितले, संग्राहकाला नकार कळविला, आणि माझ्याकडून एक कोरी वही मागून घेऊन पहिल्या पानावर चार तारांच्या चार रेघा ओढल्या, त्यांना छेदून वीस पडद्यांच्या वीस आडव्या रेघा ओढल्या, आणि कोणत्या चौकटीत किती खोल खळगा आहे ते वाद्य मांडीवर घेऊन एकेक पडदा चाचपीत लिहावयास प्रारंभ केला.