अंग भरतं, हे आधी कबूल करा

शीव कोळीवाड्यातल्या एखाद्या जिममध्ये संध्याकाळी उभं राहिलं की एक प्रश्न सहज कानावर येतो : "नॅचरल आहेस, की कोर्स केलास?" विचारणाऱ्याला त्यात गैर वाटत नाही. दहा मिलीची कुपी, आत पिवळसर तेल, जाड सुई आणि 'टेस्ट', 'डेका', 'डायना' अशी घरच्यासारखी नावं. ही स्टेरॉइड औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. यकृत जाईल, हृदय जाईल, हेही त्यांनी ऐकलेलं असतं. तरी पोरं ऐकत नाहीत. त्यांना हट्टी म्हणून मोकळं होण्याआधी वैद्यकाने स्वतःचा इतिहास पाहायला हवा.

'डायना' म्हणजे डायनाबॉल, अर्थात मेथँडिएनोन. स्विस कंपनी सीबाने ते १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलं. वजन उचलणाऱ्यांनी त्या गोळ्या घेतल्या, त्यांचे दंड भरले, आकडे चढले. आणि डॉक्टर सांगत राहिले, याने काही होत नाही. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या प्रमुख संस्थेने १९७७ मध्ये तसं अधिकृत निवेदनच काढलं : स्टेरॉइडने कामगिरी सुधारते याला निर्णायक पुरावा नाही. आरशात रोज उलट दिसत असताना कोण विश्वास ठेवणार? संस्थेने १९८४ मध्ये भूमिका बदलली, पण तोवर व्यायामशाळांनी आपला निकाल लावून टाकला होता : डॉक्टरांना यातलं कळत नाही. मला ही त्या सगळ्या वादातली सर्वांत महागात पडलेली चूक वाटते.

ठाम पुरावा यायला १९९६ उजाडलं. भारतीय वंशाचे संशोधक शलेंदर भसीन यांनी निरोगी पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. व्यायामासोबत ते घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं. व्यायाम न करता नुसतं औषध घेणाऱ्यांचंही तीन किलोंच्या आसपास. जिममधली पोरं खरं बोलत होती. मात्र दहा आठवड्यांत हृदयाचं पुढे काय होतं, ते दिसत नाही.

दरम्यान चर्चा आरोग्यावरून फसवणुकीकडे सरकली होती. स्टेरॉइडवरची १९७५ ची ऑलिंपिक बंदी, १९८८ चं धावपटू बेन जॉन्सनचं प्रकरण. आपल्याकडे २०१६ मध्ये तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव याच्या नमुन्यात मेथँडिएनोनच सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, हा त्याचा दावा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, 'नाडा'ने, मान्य केला. रिओत क्रीडा लवादाने तो फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. कट होता की नव्हता, यावर आपण घसा कोरडा करून भांडलो. ते औषध शरीराचं काय करतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तत्त्वज्ञ ज्युलियन सॅव्हुलेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्रश्न उलट बाजूने विचारला : आरोग्य हाच निकष ठेवा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित मात्रेला परवानगी द्या. युक्तिवाद कच्चा नाही. पण पुढचे आकडे त्याच्या विरोधात गेले. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० वजन उचलणाऱ्यांची हृदयं तपासली. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातल्या रक्ताचा जितका हिस्सा बाहेर ढकलतो, ते प्रमाण न घेणाऱ्यांत ६३ टक्के निघालं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत ५२. त्यातही औषध सुरू असलेल्यांत ४९, थांबवलेल्यांत ५८. म्हणजे थांबण्याने फरक पडतो. डेन्मार्कमध्ये तर साध्या जिममध्ये येणाऱ्यांचीही चाचणी होते. तिथे दोषी आढळलेल्या ५४५ पुरुषांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या तिप्पट निघालं.

आपली उत्तेजकविरोधी यंत्रणा पदकांभोवती फिरते. गल्लीतल्या स्पर्धेसाठी पोटाच्या लाद्या कोरणाऱ्या पोराचा नमुना सहसा कुणी घेत नाही, म्हणून त्याला कुणी सावधही करत नाही. त्याच्याशी बोलताना डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकांनी पहिलं वाक्य खरं बोलावं : हो, अंग भरतं. मगच दुसरं वाक्य ऐकलं जाईल.

आणि कोर्स सुरू असलेल्या मित्रा, घरी लपव हवं तर, डॉक्टरांपासून लपवू नकोस. शीवचं टिळक रुग्णालय जवळच आहे. केसपेपर काढ, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, टूडी एको करून घे, काय घेतलंस, किती आणि किती महिने, ते नावानिशी सांग.