वाळूवर उमटलेला वारा



आज पेन्टेकॉस्टचा सण. शिष्य एका घरात जमले असता जोराच्या वाऱ्यासारखा नाद झाला आणि त्या नादाने ते घर भरून गेले, असे आपण आजच्या पहिल्या वाचनात ऐकतो. हिब्रू भाषेतील 'रुआह' आणि ग्रीक भाषेतील 'प्न्यूमा' या शब्दांचा अर्थ वाराही होतो, श्वासही होतो आणि आत्माही होतो. रात्रीच्या वेळी भेटायला आलेल्या निकदेमाला प्रभू येशूने वाऱ्याचेच उदाहरण दिले. वाऱ्याचा आवाज कानी पडतो. पण तो कोठून आला आणि कोठे चालला हे आपल्याला कळत नाही. मग जो डोळ्यांना दिसत नाही, त्याला ओळखायचे कसे?

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही जुन्या गोव्याच्या यात्रेला गेलो होतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घेतले आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या पाहायला गेलो. समुद्र तर आपल्या वसईलाही आहे, मग मुद्दाम तेथे कशाला, असे काहींनी विचारले. उत्तर पायांपुढेच होते. दुपारभर समुद्रावरून वारा वाहिला होता आणि पावले न पडलेल्या कोरड्या वाळूवर त्याने बोट-दोन बोटे अंतराच्या वळ्या काढल्या होत्या. शिंपल्याच्या आडोशाला वाळूची निमुळती शेपटी तयार झाली होती आणि तिचे टोक वारा गेला त्या दिशेला होते. गवताचे वाकलेले पाते वाऱ्याने फिरत राहिले होते आणि त्याने कंपासने काढावे तसे अर्धवर्तुळ वाळूत कोरले होते.

आमच्यातील एक आजी म्हणाल्या, "फादर, सारवलेल्या अंगणात हाताची बोटं उमटतात ना, तशीच दिसतेय ही नक्षी." यापेक्षा चांगले प्रवचन आम्हाला करता आले नसते. सारवणारी बाई आत निघून जाते, तिचा हात अंगणात राहतो. देव आपल्याला समोर दिसत नाही. परंतु त्याच्या कार्याच्या परिणामांवरून आपली बुद्धी त्याच्यापर्यंत पोहोचू शकते, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात मांडले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा विचार समजायला आम्हाला बरेच दिवस लागले. आजींना तो अंगणातच सापडला होता.

ही नक्षी तयार कशी होते, याचाही अभ्यास झाला आहे. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश सैन्यातील अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात भटकंती केली, प्रयोगशाळेतील बोगद्यात वारा सोडून वाळूवर प्रयोग केले आणि १९४१ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाचा वारा सुटला की कोरडे कण जागचे हलू लागतात. कण उचलला जातो, थोडे अंतर उडी मारतो, खाली आदळतो आणि आपल्या धक्क्याने दुसऱ्या कणांना उठवतो. वाऱ्याने वाहून नेलेल्या वाळूचा मोठा भाग असा उड्या मारतच पुढे जातो. जेथे किंचित उंचवटा असतो तेथे समोरच्या बाजूवर जास्त कण आदळतात, मागच्या बाजूवर कमी. त्यामुळे उंचवटा वाढतो आणि वाऱ्याला आडव्या अशा वळ्यांच्या रांगा तयार होतात. एकही कण स्वतःच्या बळावर उडत नाही आणि एकटा कण नक्षीही काढू शकत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, वारा सर्व किनाऱ्यावर सारखाच वाहतो. परंतु ओली वाळू हलत नाही, कारण पाण्यामुळे तिचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. मिठाची खपली धरलेली वाळूही सहजासहजी हलत नाही. आपल्या घरांत आणि भाऊबंदकीत अशा किती खपल्या आहेत! बांधावरून, वाटणीवरून, एखाद्या लग्नातील मानापमानावरून वर्षानुवर्षे धरून ठेवलेले शब्द आहेत. आत्मा आपल्यावरूनही वाहतो आहे. आपण हातातले सोडायला तयार आहोत का? दुसरी गोष्ट, एक कण उठला की तो दुसऱ्याला उठवतो. भांडणात पहिल्यांदा बोलायला जाणारा माणूस असाच एक कण असतो.

परंतु उडणारी वाळू उडतच राहिली असती, तर टेकडी कधी झालीच नसती. तिला धरून ठेवते ती जमिनीलगत पसरणारी, जांभळ्या फुलांची एक वेल. तिला आपल्याकडे मर्यादावेल म्हणतात. वाऱ्याने आणलेली वाळू तिच्या पानांत अडकते, वेल त्या वाळूतून पुन्हा वर येते आणि टेकडी हळूहळू वाढते. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात. त्या वेळी हीच टेकडी जमिनीसाठी ढाल होते. तिच्या पोटात पावसाचे गोडे पाणी मुरते आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर राहायला मदत होते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, समुद्राला त्याने वाळूची सीमा घालून दिली आहे. लाटा कितीही गर्जल्या तरी ती ओलांडत नाहीत. लगेच पुढे तो आपल्या लोकांविषयी खेद व्यक्त करतो, कारण त्यांचे मन बंडखोर झाले आहे. समुद्र मर्यादा पाळतो, माणूस पाळत नाही. आम्ही हा अध्याय अनेकदा वाचला आहे. परंतु मर्यादावेलीशेजारी उभे असताना तो आपल्याच किनाऱ्याविषयी लिहिलेला वाटला.

आपल्या किनाऱ्यावर टेकड्या किती उंच होत्या, हे आपल्यातील वडीलधारी माणसे सांगतात. आज तेथे काय उरले आहे, हे आपण जाणतो. कोणाचे नाव घेण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. रात्री वाळू भरणाऱ्या तरुणालाही घर चालवायचे असते. त्याला दुसरे काम मिळवून देणे ही आपलीही जबाबदारी आहे. परंतु वाळू विकली जाते ती कोणीतरी विकत घेतो म्हणून. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वात संवेदनशील वर्गात ठेवले आहे. शिवाय किनाऱ्याच्या वाळूतील मीठ काँक्रीटमधील सळईला गंज आणते. वाळूवर घर बांधणाऱ्याला प्रभूने मूर्ख म्हटले. मग समुद्राची सीमाच उपसून घर बांधणाऱ्याला तो काय म्हणेल?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामाईक घर मानायला शिकवले. या घरासाठी आपण तीन साध्या गोष्टी करू या. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना वाळू कोठून आली, हे ठेकेदाराला विचारू या. किनाऱ्यावर गेल्यावर गाडी टेकडीवर चढवणार नाही आणि मर्यादावेल तुडवणार नाही, असे ठरवू या. चालायला ओली वाळू पुरेशी आहे. आणि मुलांना एकदा तरी, भरपूर वारा असताना, कोरड्या वाळूपाशी शांत उभे करू या. त्यांच्या हातातला मोबाईल थोडा वेळ आपल्याकडे घेऊ या आणि ही नक्षी कोणी काढली, असे त्यांना विचारू या.

आणखी एक गोष्ट. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचे नाव आज मिस्साबलिदानात अर्पणाच्या वेळी मनातल्या मनात वेदीवर ठेवू या, आणि या आठवड्यात त्याच्या दारापर्यंत जाऊ या.

पवित्र आत्मा आपल्या कुटुंबांवर आणि आपल्या किनाऱ्यावर वाहत राहो. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू