आपलाच काटा, आपलेच पासिंग

शहागंजात भाजी घेताना वजनकाट्यावरचा शिक्का कोणी पाहत नाही. पण तो असतो. वैधमापनशास्त्र विभागाचा माणूस ठरावीक मुदतीने काटा तपासतो आणि शिक्का मारतो. भाजीवाला प्रामाणिक असला तरी आपल्या काट्याचे पासिंग त्याला स्वतःला करता येत नाही. नियमामागे संशय आहे हे खरे, पण तो केवळ लबाडीचा नाही. प्रामाणिक माणसालाही स्वतःचा काटा बरोबरच वाटतो, हे कोणीतरी फार पूर्वी ओळखले असावे.

माझी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात झाली. गेज, मायक्रोमीटर, डायल. प्रत्येकावर कॅलिब्रेशनचे स्टिकर, पुढची तारीख, तपासणाऱ्याची सही. त्यामुळे भाचा गेल्या हिवाळ्यात एक पितळी नळी घेऊन घरी आला तेव्हा मला उत्साह वाटला, आणि पुढे थोडी काळजीही.

भाचा अभियांत्रिकीला आहे. मित्रांबरोबर रिमोटवर उडणारे मोठे मॉडेल बांधतो. पुढे कधीतरी स्वतः बसता येईल असे विमान बांधायचे, हे त्याचे स्वप्न. त्याच्या भिंतीवर अमोल यादव यांच्या विमानाचे चित्र आहे. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले ते सहा आसनी विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि उड्डाण-चाचणीच्या परवानगीला २०१९. भाच्याला या तारखांचा राग येतो. मलाही येतो. पण त्या नळीने आम्हा दोघांना त्या रागाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायला लावले.

नळीचे काम सोपे आहे. संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधणाऱ्या पोराला ते पुस्तकाशिवाय कळते. कन्नी चुकली की पतंग वाऱ्याला चुकीच्या कोनात तोंड देतो आणि गिरक्या घेत खाली येतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला हा कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. तो वाढवत नेला की उचल वाढत जाते. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. वैमानिक सहसा वेगावरून स्टॉलचा अंदाज घेतो, पण वेग हा अप्रत्यक्ष साक्षीदार. वजन वाढले की स्टॉलचा वेग बदलतो. उंची राखून साठ अंश कलून वळले तर तो सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. कोन मात्र जवळपास तोच राहतो. म्हणून थेट कोनच मोजावा, ही कल्पना.

भाच्याच्या प्रोबला दोन भोके होती. एक सरळ समोर, दुसरे खालच्या बाजूला तिरक्या उतारावर. कोन वाढला की खालच्या भोकावरचा दाब वाढतो. दोन सिलिकॉन नळ्या, दाब मोजणारे सेन्सर, एक आर्डुइनो, आणि हिरवे, पिवळे, लाल दिवे. सगळे मिळून महिन्याच्या पेट्रोलपेक्षा कमी खर्चाचे.

चाचणीसाठी एका रविवारी पहाटे आम्ही प्रोब दांड्यावर बसवून गाडीच्या बॉनेटवर बांधला. स्पिरिट लेव्हलने दांडा सपाट केला. रस्ता मोकळा होता, वारा नव्हता. यंत्राने शून्य दाखवायला हवे होते. दाखवले चार अंश.

“मामा, कोडमध्ये चार वजा करतो. संपलं.”

“चार कशाचे?”

“एररचे.”

“एरर कुठून आली?”

तो गप्प राहिला. मग आम्ही दांडा अर्धा मीटर पुढे सरकवला. आकडा दीडवर आला. आणखी पुढे नेला, तो आणखी उतरला. म्हणजे प्रोब चुकत नव्हता. बॉनेट आणि काच चढून जाण्यासाठी हवा खरोखरच वर वळत होती, आणि तो तेच सांगत होता. चूक आमच्या अपेक्षेत होती. ते चार अंश वजा करून हाच प्रोब मॉडेलच्या पंखावर लावला असता, तर तिथे तो चार अंश कमी दाखवत राहिला असता. स्टॉल जवळ आला असता, दिवा हिरवाच राहिला असता.

इथे मला प्रश्न पडला, तो तंत्राचा नव्हता. कारण न कळता वजा केलेला आकडा ही दुरुस्ती की खोटे? भाच्याचा हेतू फसवण्याचा नव्हता. पण त्याला हवे ते उत्तर त्याने आधीच ठरवले होते आणि यंत्राला ते बोलायला लावत होता. साक्षीदाराला पढवणे यापेक्षा वेगळे काय असते?

हे घरगुती खेळापुरते नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात कोसळले, १८९ माणसे गेली. त्याचा डाव्या बाजूचा कोन-सेन्सर सुमारे २१ अंश चुकीचे दाखवत होता. दुरुस्तीच्या वेळी झालेले चुकीचे कॅलिब्रेशन आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. आणि विमानाचे नाक खाली दाबणारी प्रणाली त्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानातही एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्याने तीच प्रणाली जागी झाली; आणखी १५७ माणसे गेली. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, अभियंते, पैसा सगळे होते, त्यांनीही दुसऱ्या साक्षीदाराला विचारले नाही.

यावर भाच्याचा युक्तिवाद असा: “मी माझ्या विमानात बसणार, माझा जीव. त्यात सरकारचं काय?” युक्तिवाद कच्चा नाही. अमेरिकेत हौशी माणसाने बांधलेल्या विमानावर ‘एक्स्पेरिमेंटल’ असे लिहावे लागते, आणि प्रवाशाला दिसेल अशी सूचना आत लावावी लागते. सुरुवातीचे ठरावीक तास दाट वस्तीपासून दूर उडावे लागते. म्हणजे धोका पत्करण्याचा हक्क मान्य आहे, पण ज्याला धोका आहे त्याला तो कळवून. हा व्यवहार मला सभ्य वाटतो.

पण खाली असलेल्या माणसाचे काय? आपल्या शहराला हे शिकवायला नको. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत दोष दोन ठिकाणी निघाला: नाक उशिरा उचलणाऱ्या वैमानिकांकडे, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहने न रोखणाऱ्या यंत्रणेकडे. त्या ट्रकने कोणत्याही सूचनेवर सही केलेली नव्हती. तो आपल्या रस्त्याने चालला होता. आपला जीव आपला, हे वाक्य जमिनीवर रस्ते असेपर्यंत पुरे पडत नाही.

म्हणून परवानगीला लागणाऱ्या वर्षांचा राग आणि परवानगीचा राग मी वेगळे करायला शिकलो. दिरंगाई वाईटच. पण दुसऱ्याने तपासावे ही मागणी वाईट नाही.

आणखी एक गोष्ट भाच्याने स्वतःच शोधून आणली. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले, २२८ जण गेले. विमान स्टॉलमध्ये असतानाच स्टॉलचा इशारा काही काळ बंद पडत होता, कारण नोंदलेला वेग इतका कमी झाला होता की संगणकाने कोनाचे आकडे अग्राह्य धरले. नाक खाली केले, म्हणजे योग्य ते केले, की इशारा पुन्हा वाजू लागे. यंत्राला सांगायचे होते, ‘मला माहीत नाही’. ऐकणाऱ्याच्या कानावर पडली ती शांतता.

त्या रात्री त्याने चौथा दिवा जोडला, निळा. वेग फार कमी असेल, नळीत पाणी शिरले असेल, दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नसतील, तर बाकीचे दिवे बंद आणि निळा चालू. “याचा अर्थ काय लिहू?” त्याने विचारले. मी म्हटले, “विचारू नका, मला ठाऊक नाही, असं लिही.” तो हसला, पण लिहिले तेच.

प्रोब आता त्याच्या टीममधल्या एका मुलीकडे आहे. आमचे आकडे तिला सांगितलेले नाहीत. ती तिच्या पद्धतीने मोजेल, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. भाच्याला ते थोडे जड जाते आहे, दिवसातून दोनदा तिला फोन करायचा मोह होतो. मी माझ्या जुन्या डब्यातले कॅलिब्रेशनचे एक कोरे स्टिकर त्याला दिले आहे. तारखेची जागा त्याने भरली. सहीची जागा तिची.