निषिद्ध औषध, पुरेशी मात्रा

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात आणि पाचक एन्झाइम आतड्यात पोहोचत नाहीत. म्हणून बहुतेक रुग्णांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. मग श्रद्धाळू मुस्लिम, ज्यू किंवा जैन पालकांनी काय करावे? कुराण नाइलाजाला सूट देते, ज्यू परंपरा जीवरक्षणाला जवळजवळ सर्व नियमांच्या वर ठेवते आणि जैनांच्या अहिंसेच्या दृष्टीनेही मुलाची उपासमार ही हिंसाच आहे. ‘निदान मात्रा तरी कमी ठेवू,’ असे कुणी म्हणेल. पण अर्ध्या मात्रेने दोष अर्धा होत नाही. ताटातले तूप मात्र तेलकट शौचावाटे निघून जाते आणि मूल खंगते. अतिरेकही नको: १९९४ मध्ये अतिमात्रा घेणाऱ्या मुलांत मोठे आतडे आकसल्याचे आढळले, म्हणून रोज वजनाच्या दर किलोमागे लायपेजच्या (स्निग्धांश पचवणाऱ्या एन्झाइमच्या) १०,००० युनिटांची मर्यादा पाळतात. मात्रा आहारातला स्निग्धांश आणि वजन पाहून ठरावी, अपराधभावाने नव्हे; तोच खरा धर्म.