मधला थर

पोलादी पत्र्यावर टिचकी मारली की तो घणघणतो. निम्म्या जाडीचे दोन पत्रे घेऊन मध्ये कागदाएवढा रबरी, चिकट थर दिला, तर नुसतं ‘ठप्’ ऐकू येतं. वही वाकवली की पानांच्या कडा तिरप्या होतात, तसे हे पत्रे वाकताना एकमेकांवरून सरकू पाहतात. मधला थर त्यांना मोकळं सोडत नाही, पुरतं अडवतही नाही. या ओढाताणीत तोच कातरला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. १९५९ साली कर्विन यांनी याचं गणित मांडलं. त्यातली खरी गंमत अशी की थर फार मऊ असला तरी डॅम्पिंग, म्हणजे कंपन विरणं, कमी आणि फार कडक असला तरी कमीच. मऊ थर भरपूर कातरला जातो, पण त्यात ऊर्जाच फारशी साठत नाही. कडक थराने तिन्हींचा मिळून एकच जाड पत्रा होतो, मग सरकणार कोण?

एरवी कुठल्याही रचनेच्या संगणकी मॉडेलमध्ये वस्तुमान आणि ताठरपणा ड्रॉइंगवरून निघतात. डॅम्पिंग मात्र बहुधा वरून घातलेला आकडा असतो. भूकंपासाठीचं आपलं मानक, आयएस १८९३, २०१६च्या आवृत्तीत इमारत काँक्रीटची असो वा पोलादाची, डॅम्पिंग ५ टक्केच धरायला सांगतं. रेलेच्या नावाने चालणारं प्रमाणबद्ध डॅम्पिंगही समीकरणं सुटी व्हावीत म्हणून वापरतात. पदार्थ तसा वागतो असा कुणाचा दावा नसतो. इमारतीला ते चालून जातं.

थरांच्या रचनेत असा आकडा सगळीकडे सारखा शिंपडणं मला आळशीपणाचं वाटतं, कारण ऊर्जा कुठे जिरते हे इथे ठाऊक असतं. जॉन्सन आणि कीनहोल्झ यांनी १९८२ मध्ये सुचवलेली वाट अशी: आधी डॅम्पिंग नाहीच असं धरून रचना सोडवायची, प्रत्येक मोडमध्ये, म्हणजे कंपनाच्या प्रत्येक ठरावीक आकारात, विकृती-ऊर्जेचा किती वाटा मधल्या थरात आहे ते पाहायचं आणि त्याला पदार्थाच्या व्ययगुणांकाने, म्हणजे साठलेली ऊर्जा किती जिरते ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणायचं; की त्या मोडचं डॅम्पिंग मिळतं. कंपन कसं विरतं हे कळायला, कधीच न विरणाऱ्या कंपनाचं गणित! डॅम्पिंग बेताचं असेपर्यंत हे छान जमतं. ते वाढलं की मोडचा आकारच बदलतो आणि युक्ती लंगडी पडते.

शिवाय रबरी पदार्थाचा ताठरपणा तापमानाबरोबर बदलतो, वारंवारतेबरोबरही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या प्रत्येक मनोऱ्यात असे रबरी थर असलेले सुमारे १०,००० डॅम्पर होते. ते इमारतीच्या आत, वाऱ्याचे झोके सावकाश. मोटारीच्या पत्र्याला ही चैन नाही. पहाटेच्या थंडीत आणि तासभर गाडी पळवल्यावर तोच थर दोन वेगळ्या पदार्थांसारखा वागतो. म्हणून अशा मॉडेलचा अहवाल हाती आला, की रंगीत कंपनचित्रांआधी थराचं तापमान किती धरलंय तेच बघावं.