हातात किती पडतात?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कन्येने इथे ह्यूस्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात पहिली नोकरी धरली. तासाला १० डॉलर, आठवड्याचे २० तास. पहिले २०० डॉलर कसे उडवायचे, हे पगाराआधीच ठरले होते. हातात पडले १८४ डॉलर ७० सेंट.

"बाबा, माझे बाकीचे पैसे कुणी घेतले?"

मी तिचा पे-स्टब घेऊन बसलो. वर ग्रॉस, म्हणजे ठरलेला पगार. खाली नेट, म्हणजे हातात पडणारा. मध्ये दोन ओळी : सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के, म्हणजे १२.४० डॉलर, मेडिकेअर १.४५ टक्के, म्हणजे २.९० डॉलर. तेवढीच रक्कम मालकही पदरची भरतो. कमाई थोडी म्हणून फेडरल आयकर शून्य, आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाहीच.

"हे पैसे आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनला आणि औषधपाण्याला जातात," मी म्हणालो.

"पण मला कुणी विचारलं?"

१९९८ साली एच-वन व्हिसावर आलो तेव्हा मीही हेच म्हणत होतो. माझा एक मित्र आठ वर्षे पैसे भरून पुण्याला परतला. पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला फार तर चार मिळतात. त्याची ३२ झाली. भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नसल्याने ती वर्षे तिकडच्या नोकरीला जोडता आली नाहीत. त्याच्या चिडण्याला मी चूक कसे म्हणू?

आणि सक्तीने कापलेल्या पैशाला पुण्य ते कसले? दान स्वखुशीचे असावे, असेच मी मानत आलो होतो. कन्या झोपल्यावर मात्र वेगळाच हिशोब डोक्यात सुरू झाला.

आमच्या शेजारच्या गोऱ्या आजींची पेन्शन दरमहा न चुकता जमा होते. तिच्यात माझ्याही पगाराचा एखादा थेंब असणार. साताऱ्याला माझ्या आईला मी पैसे पाठवतो ते नेटमधून : घराचा हप्ता, गाडी, मुलांचे क्लास यांतून उरले की. घराच्या छपराचे काम निघाले त्या वर्षी तीन महिने काहीच पाठवले नाही. आईने विचारलेही नाही. परक्या आजींना सक्तीने दिलेले कधी चुकले नाही. सख्ख्या आईला प्रेमाने दिलेले चुकले.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पगाराच्या संध्याकाळी ते आधी गावाकडच्या काकांचे पैसे बाजूला काढत, मग उरलेले आईकडे देत. "हातात किती पडले?" एवढेच आई विचारी. काकांचे पैसे तिने कधी आपले धरलेच नव्हते. वडिलांवर कुणाची सक्ती नव्हती. ती त्यांनी स्वतःच स्वतःवर घातली होती.

कर्तव्य मनाच्या लहरीवर सोडले की ते शिलकीवर जगते, आणि शिलक कधी उरत नाही. म्हणून हल्ली पगाराच्या दिवशीच माझ्या खात्यातून आईची रक्कम आपोआप निघते. त्याचे पुण्य लागते की नाही, ठाऊक नाही. आईला पैसे मात्र वेळेवर मिळतात.

कन्येला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, तुझा खरा पगार आपल्याला वाटतो त्याहून कमीच आहे."

"नाही," मी म्हणालो. "तो पहिल्यापासून तेवढाच होता."